काल्याच्या दिवशीची तार

रामनवमीला दुपारी चारच्या सुमारास छगन तारवाल्याची सायकल अनुसयाबाईच्या दाराशी थांबली, तेव्हा ती अंगणात बसून उद्याच्या काल्यासाठी ज्वारीच्या लाह्या पाखडत होती. सायकलची घंटी वाजली नाही. छगनने ती वाजवलीच नाही. तार घेऊन येणारा माणूस घंटी वाजवत नसतो. शहाद्यापासून म्हसावदपर्यंतच्या वाटेवर लोक त्याला पाहून बाजूला सरत, आणि तो पुढे निघून गेला की हुश्श करत.

"मावशी, तार शे. मास्तरना नावनी," छगन म्हणाला. "शाळाले आज कुलूप शे, म्हनीसन घर उनू."

अनुसयाबाईच्या हातातलं सूप तिरपं झालं आणि मूठभर लाह्या मातीत सांडल्या.

"कोठून उनी रे भाऊ?"

"आते माले काय मालूम? समदं इंग्रजीमा शे. मी निस्ता पाकीट वाटस." छगनने मान खाली घालूनच पावतीची वही पुढे केली. "मास्तर कोठे शेतस?"

"मंदिरमा. मृदुंगले शाई लावी ऱ्हायना. मी देसू त्याले."

मास्तर म्हणजे तिचा धाकटा लेक पितांबर. तार तिनेच द्यावी, हेच छगनला हवं होतं. अंगठा घेतला, पाणीसुद्धा न पिता सायकलवर टांग टाकली आणि गेला.

आता ही तार कुणाची, हे अनुसयाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. तिची सून मीनाबाई पहिलटकरीण, बाळंतपणाला तापीपार धानोऱ्याला माहेरी गेलेली. दिवस भरत आलेले. मागच्या आठवड्यात सांगावा आला होता, पायांवर सूज आहे म्हणून. त्यानंतर काहीच नाही, आणि आता ही तार. चांगली बातमी माणसाच्या पायांनी येते, पेढे घेऊन येते, दारातूनच हाक मारत येते. तारेने काय येतं ते या घराला ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी, तिचा थोरला नवल भुसावळला रेल्वेत होता तेव्हा, अशीच एक तार भर दुपारी आली होती. पितांबर कॉलेजातून सुट्टीला आलेला, ताटावर बसलेला. इंग्रजी येणारा घरात तो एकटाच. उष्ट्या हाताने त्यानेच पाकीट फोडलं आणि त्यानेच आईला वाचून दाखवलं. दोन इंजिनांच्या मध्ये सापडून नवल गेला होता. पुढे तीन दिवस पितांबरच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही. वर्षभरात बापही त्याच दुःखाने गेला. तेव्हापासून 'तार' हा शब्द त्या घरात उच्चारला जात नसे. दाराजवळच्या तारेवर धुणं वाळत घालायचं तरी अनुसयाबाई त्याला 'दोरी' म्हणे, आणि पितांबरही 'दोरी'च म्हणे.

पाकीट तिने ओच्यात खोचलं.

तिने काही वेडेपणा केला असं कुणी समजू नये. आपल्याकडे रीतच आहे ती. मृत्यूची बातमी कानावर पडेल तेव्हा सुतक लागतं. कानावर पडली नाही तोवर देव दूर होत नाही. म्हणून लग्नघरी, सप्त्याच्या मांडवी अशी तार आली, तर शहाणी माणसं ती अक्षता पडेपर्यंत, आरती होईपर्यंत उघडत नाहीत. गुढीपाडव्याला बसलेला सप्ताह उद्या काल्याच्या कीर्तनाने उतरायचा होता. मृदुंगावर पितांबर होता. काल्याचं दही या घरातून जायचं होतं. 'मला वाचता येत नाही, देवा,' ती मनात म्हणाली, 'म्हणजे मी तुझ्याशी खोटी नाही. माझ्या लेकराला उद्या दुपारपर्यंतचा दिवस दे. पोटभर जेवू दे त्याला. मग मी त्याच्या हातात देईन.'

मातीत पडलेल्या लाह्या तिने वेगळ्या काढल्या आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

शेजारची शांतीबाई दही विरजायला आली. तिला बघताच म्हणाली, "काय व अनुसया, तोंड कसं उतरनं तुन्हं?"

"उपास शे ना माय, दुसरं काय."

"दरसाल तू उपास करस नी दुपारलोंग गाना म्हनस. यंदाच कसं व?"

"म्हातारी व्हयनू मी."

"हा, नातू येवाना म्हनीसन आतेच म्हातारी व्हई जा!" शांतीबाई हसली. अनुसयाबाईही हसली. कसं हसली ते तिचं तिला माहीत.

पितांबर म्हसावदच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. पण गेल्या पावसाळ्यानंतर त्याने अंगात आणखी एक वारं घेतलं होतं. जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून पृथ्वी आणि सूर्य तपासायचं वर्ष ठरवलं होतं, आणि मुंबईच्या एका संस्थेला पश्चिम खानदेशातलं स्वच्छ आभाळ हवं होतं. पितांबरने त्यांना पत्रावर पत्रं लिहिली. शेवटी त्यांनी तीन पायांची एक छोटी दुर्बीण आणि बॅटरीवर चालणारा रेडिओ पाठवला. रोज सकाळी शाळेआधी तो अंगणात दुर्बीण मांडी. सूर्याकडे थेट बघायचं नाही, डोळे जातात. दुर्बिणीमागे पांढरा कागद धरायचा, त्यावर थाळीएवढा सूर्य उमटतो. त्यावरचे काळे डाग पेन्सिलीने गिरवायचे.

"इतलं डाग मोजीसन काय भेटस रे तुले?" एकदा तिने विचारलं होतं.

"देख माय, सूर्यवर कधीमधी भडका उठस. त्यामाईन एक उजेड निंघस, गॅमा किरण म्हनतस त्याले. आपला डोयाले तो दिसत नही, नी वरनी हवामाच मरी जास. खाले पोचतच नही. म्हनीसन मोठा फुगाले डबा बांधीसन वर धाडतस, तठे, हैदराबादथून. पण डबा निस्ता टकटक मोजस. कोठून उनं ते सांगत नही."

"मंग?"

"मंग त्याच येळले अठे कोनी तरी सूर्यकडे देखेल पाहिजे. नी रेडिओ ऐकेल पाहिजे. भडका उठना का लांबना स्टेशनना आवाज एकदम विहिरमा पडस. डबा, दुर्बीण नी रेडिओ, तिन्हीसनी येळ एक उनी, तवयच ते खरं. एकटा डबानं कोनी मानत नही."

"आस्सं! म्हंजे बुवा, टाळ नी मृदुंग. तिन्ही समवर उनात तवयच कीर्तन."

पितांबरने आईकडे कौतुकाने पाहिलं होतं. "माय, हाई मी मुंबईवालासले लिखी धाडस."

फुगा कधी उडणार ते आदल्या दिवशी कळवू, असं संस्थेने लिहिलं होतं. कसं कळवणार, ते पितांबरने घरात कधी सांगितलं नाही. कारण तो शब्द घरात उच्चारायचा नव्हता. 'शाळेच्या पत्त्यावर पाठवा' असं त्याने संस्थेला लिहून टाकलं, आणि आईचं मन राखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काल्याचं कीर्तन उभं राहिलं. दोधूबुवा म्हणजे साखरेत घोळलेला गळा. बाळकृष्ण, पेंद्या, सवंगड्यांच्या शिदोऱ्या. कुणाची शिळी भाकर, कुणाचं लोणचं, कुणाकडे काहीच नाही. देव म्हणतो, सगळं एकत्र कालवा. बुवा सांगत होते आणि माणसं हसता हसता डोळे पुसत होती. पितांबर मृदुंग गळ्यात अडकवून बुवांच्या उजव्या बाजूला. असा हात त्याचा कधी पडला नव्हता. बुवांनी ओळ उचलावी आणि याने ती बोटांवर झेलावी. बुवा एकदा थांबले आणि म्हणाले, "मास्तर, आज काय खाईसन उनात? देवले नाचाडतस का माले?" सगळा मंडप हसला. पितांबर लाजला. अकरा वाजून गेले, गजर चढत गेला, टाळकरी गोल फिरू लागले, आणि त्यांच्यामध्ये पितांबर घामाने निथळत, डोळे मिटून, अशा आनंदात की अनुसयाबाईला ते बघवेना.

बायकांमध्ये बसून ती टाळ्या वाजवत होती. ओच्यातलं पाकीट दर टाळीला पोटाला लागत होतं. मीनाची एकेक आठवण येत होती. भाकरी थापताना ती दोन्ही बांगड्या मनगटावर मागे सारायची, सासऱ्याच्या तसबिरीपुढून जाताना पदर घ्यायची, तिखट जास्त पडलं की आपलीच जीभ चावायची. आणि बाळ? तेही गेलं असेल का? तिने वर पाहिलं. वर मांडवाचं कापड आणि त्यातून झिरपणारं ऊन. सूर्य आपल्या जागी होता.

साडेअकराला हंडी फुटली. काला वाटला. अनुसयाबाईने स्वतः लेकाच्या ओंजळीत चार वेळा घातला.

सव्वा वाजता दोघं घरी आली. तिने दार लोटलं.

"पितांबर, बस. पोट भरनं का?"

"गच्च! काय व्हयनं माय?"

"मन कठीण कर, भाऊ." तिने पाकीट पुढे केलं. "कालदिन दुपारले उनी. मी तुले दिधी नही. सप्ताह तुटता. तुन्हा घासना येळले पुन्हा... मन्हा हातथून नही व्हयनं."

पितांबरचा चेहरा मातीसारखा झाला. त्याने पाकीट फोडलं. ती भिंतीला टेकून उभी होती, ओठांवर पदर दाबून. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मीना बरी शे, माय. तिनं यामा काहीच नही."

"काय?"

"कोनी मरेल नही."

अनुसयाबाई मटकन खाली बसली आणि रडू लागली, आणि रडता रडता हसू लागली. 'रामा, रामा, माझ्या रामा' म्हणत तिने जमिनीला कपाळ टेकलं. रात्रभर धरलेलं सगळं सुटलं. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की लेक हसत नाहीये. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

"मंग कसानी शे ती?"

"फुगानी." तो म्हणाला. "आज सकाय सातले उडना. आठपाईन दोनलोंग देखत ऱ्हावा, डोया हालवू नका, आसं लिखेल शे."

मग तो धावला. दुर्बीण अंगणात आणली, कागद लावला, रेडिओ सुरू केला. चाळीस मिनिटं उरली होती. कागदावर सूर्य उमटला, मध्यावर डागांचा मोठा पुंजका. रेडिओवर कुठल्याशा परक्या मुलखातलं गाणं स्वच्छ वाजत होतं. कुठे काही नाही. त्याने वहीत लिहिलं: एक वाजून वीस ते दोन, शांत.

"काही उठनं नही ना?" आईने दारातून भीत भीत विचारलं.

"आते तरी नही."

"मंग बरं ना. काहीच गयं नही तुन्हं."

"भडका रोज उठत नही, माय. उठना नसीन," तो म्हणाला. दोघांनीही त्या वाक्याला घट्ट धरलं.

चारच दिवसांनी मीनाबाईचा भाऊ सुकलाल पेढे घेऊन पायी आला, दारातूनच ओरडत. मुलगी झाली होती. दोघी खुशाल. अनुसयाबाईने गावभर साखर वाटली. पुढचा आठवडा असा गोड गेला. आणि मग मुंबईचं पत्र आलं.

पितांबरने ते अंगणात उभ्याने वाचलं. वाचता वाचता तो दुर्बिणीच्या बाजूला जमिनीवर बसला. आई बाहेर आली, तेव्हा त्याने लपवलं नाही. तिच्यापासून त्याने कधी काही लपवलं नव्हतं, त्या एका शब्दाखेरीज.

"उठना व्हता, माय. त्याच दिन. अकरा वाजीसन सव्वीस मिनिटले. डबामा एकदम टकटक वाढनी, मिनिटभर, नी बंद. आपला देशमा आसं कोनी धरेल नव्हतं. दक्षिणमा ढग व्हतात, तठेना दुर्बीणवालाले काही दिसनं नही. ते लिखतस, आते सगळं तुन्हा वहीवर शे. तुन्हा वहीमा सव्वीस मिनिट सापडनं तर ते सूर्यनं. नही तर डबा बिघडेल व्हता, आसं म्हनतीन."

अकरा सव्वीस. हंडी फुटायच्या चार मिनिटं आधी. तेव्हा गजर कुठे होता आणि पितांबरचा हात कुठे होता, हे दोघांनाही लख्ख आठवत होतं.

अनुसयाबाई त्याच्याजवळ खाली बसली. मग जी गोष्ट जन्मात तिच्या तोंडून निघाली नव्हती ती निघाली. "लिखी टाक ना रे, भाऊ. येळ तर त्यासनीच सांगी दिधी. सूर्य तोच व्हता. तू रोजच देखस. एक दिन देखं आसं लिखं, तर कोनले कळस?"

पितांबरने वर पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"माय, त्यासले तीन साक्षी पाहिजेत. मी त्यासनंच ऐकीसन त्यासलेच सांगू, तर साक्षी एकच ऱ्हायना ना?"

तिने दोन्ही हात कानांना लावले आणि देव्हाऱ्याकडे तोंड करून तिथेच बसून राहिली.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. शांतीबाईचा सल्ला तयारच होता: "तार उशिरानी पोचनी आसं लिख. त्यामा तुन्हं काय जास?" तिच्या मागोमाग संध्याकाळी छगन दारात उभा राहिला. टोपी हातात. "मास्तर, मी तवयच दिधी व्हती. वहीमा मावशीना अंगठा शे. मन्हा चार लेकरं शेतस."

"छगनभाऊ, चहा पी," पितांबर म्हणाला. "तू येळवर उना. मी तेच लिखनार शे."

त्याने पत्र लिहिलं, आणि अनुसयाबाईने ते वाचून दाखवायला लावलं. तो इंग्रजी वाचत होता आणि ओळीमागून ओळ तिच्या बोलीत सांगत होता. तार माझ्या घरी आदल्या दिवशी पोचली होती. मी ती दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता उघडली. त्या सकाळी मी गावातल्या कीर्तनात मृदुंग वाजवत होतो. अकरा सव्वीसची नोंद माझ्याकडे नाही. दोष माझा आहे.

"मन्हं नाव कोठे शे?"

"तुन्हं नाव कसाले?"

"मी ठेयी ना ती. तू नही. लिख, मायनी ओच्यामा दपाडी ठेयी."

"माय," पितांबर म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदा फाटला, "लिखाले बसनू व्हतू मी. तीन कागद फाडात. मन्ही मायनी माले एक दिन सुखमा ऱ्हाऊ दिधं, स्वतः आख्खी रात मरनं छातीवर लिसन बसनी, हाई मी त्यासले कसं सांगू? माले तितलं इंग्रजी येत नही."

ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तो नवलसाठी रडला नव्हता तसा त्या दिवशी रडला.

संस्थेचं उत्तर सभ्य होतं. खरं लिहिल्याबद्दल आभार मानले होते. साक्ष नसल्यामुळे ती एका मिनिटाची नोंद त्यांनी अहवालातून काढून टाकली होती. आणि शेवटी दोन ओळी: पुढच्या उड्डाणांसाठी तारघराच्या जवळचं ठिकाण सोयीचं पडेल, तरी दुर्बीण आणि रेडिओ कृपया मुंबईला पाठवावेत.

"मंग त्या दिन निंघेल उजेड?" तिने विचारलं. "तो कोठे गया?"

"गया."

"पुन्हा येई?"

"दुसरा येई. तो नही."

त्याने दुर्बीण स्वतः पुसली, भिंगांना मऊ कापड गुंडाळलं, खोक्यात भुसा भरला. मीनाबाई बाळाला घेऊन परतायची होती त्याच आठवड्यात खोकं बैलगाडीत चढलं. पितांबर शहाद्यापर्यंत सोबत गेला. मोटारीच्या टपावर ते नीट बांधलं गेलं की नाही, हे बघून तिसऱ्या प्रहरी परत आला.

अनुसयाबाई अंगण सारवत होती. सून यायची, नात यायची. शेणाचा हात फिरवत ती अंगणाच्या मध्यावर आली आणि थांबली. दुर्बिणीच्या तीन पायांनी सहा महिन्यांत जमिनीत तीन खळगे पाडले होते. बोटभर खोल, कडेने घट्ट झालेले. त्यांना वळसा घालून ती पुढे सरकली. हात तिथे जाईना.

पितांबर कुडाच्या दारात उभा होता.

"भरी टाक, माय," तो म्हणाला. "पोरगी रांगाले लागी. हात मुरगळी तिना."

त्याने बादली तिच्याजवळ आणून ठेवली. तिने ओली माती घेतली आणि एकेक खळगा भरला, तळव्याने दाबला, वरून शेणाचा हात फिरवला. तिसरा भरताना तिने मान वर केली नाही. लेक अजून तिथेच उभा होता. त्याची सावली तिच्या ओल्या हातांवर पडली होती.